खानदानी लाकूड

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या दोन माणसांत भांडण लावायचं असेल तर फार कष्ट पडत नाहीत. 'बॉडी कुठल्या लाकडाची?' एवढं विचारायचं आणि बाजूला व्हायचं. एक जण सांगू लागतो, की मॅहॉगनीचा आवाज कसा भरदार, मेपलचा कसा खणखणीत, अॅशचा टणत्कार कसा निराळा, आणि आल्डर म्हणजे कसा सगळ्यांशी जमवून घेणारा समजूतदार गडी. दुसरा म्हणतो, हे सगळं थोतांड आहे, पत्र्याच्या डब्याला तारा लावल्या तरी हाच आवाज येईल. मग पहिला दुसऱ्याच्या कानांवर घसरतो, दुसरा पहिल्याच्या अकलेवर, आणि दोघांच्या गिटारी कोपऱ्यात धूळ खात पडतात. कंपन्यांना या वादाचा त्रास नाही. पहिल्याला त्या रेषारेषांच्या मेपलची महागडी गिटार विकतात, दुसऱ्याला साधी, आणि पिशवी, पट्टा, केबल दोघांनाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना चिडायचं आहे त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. भरीव बॉडीच्या इलेक्ट्रिक गिटारीत लाकडाचा आवाजावर परिणाम होतो. पण आवाज घडवणाऱ्या गोष्टींची रांग लावली तर लाकूड त्या रांगेत फार मागे उभं असतं. तरीही गप्पांच्या पंगतीत पहिला पाट त्यालाच, कारण गिटारीच्या सगळ्या अवयवांत खानदान सांगता येईल असा तोच एक. तांब्याच्या तारेला गाव नसतं, चुंबकाला कुळ नसतं, सोल्डरिंगचं गोत्र कुणी विचारत नाही. लाकडाला मात्र जंगल असतं, वय असतं, रेषा असतात, आणि 'आता असा माल मिळत नाही' हे वाक्य असतं. स्थळ बघायच्या बैठकीत मुलाची नोकरी, तब्येत, स्वभाव हे दहा मिनिटांत उरकतं आणि पणजोबांच्या वाड्याला किती खण होते यावर दुपार जाते, तसं हे आहे. वाडा होता हे खरंच असतं. त्याचा संसाराशी संबंध किती, एवढाच प्रश्न असतो.

लाकडाला हा मान पूर्वी उगाच मिळालेला नाही. मिरजेचा तंबोरा घ्या. तार छेडली की तिची थरथर घोडीवरून तबलीत उतरते, तबली हलते, भोपळ्यातली हवा हलते, आणि आपल्या कानावर येतो तो त्या हललेल्या हवेचा आवाज. नुसती तार इतकी बारीक, की तिच्या एकटीच्याने खोलीतली हवा हलत नाही. म्हणून तबली किती जाड, लाकूड किती मुरलेलं, भोपळा केवढा आणि किती वाळलेला, या चौकशांना तिथे अर्थ आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते याच पिढीजात हिशोबासाठी. साधी गिटार, व्हायोलिन यांचंही तसंच. तिथे खोकं हाच कंठ आहे. घोटाळा झाला तो पुढे. इलेक्ट्रिक गिटार आली, तिने खोकं टाकून दिलं, गळा बदलला, पण खोक्याबरोबरची शब्दसंपत्ती मात्र वारसाहक्काने स्वतःकडे ठेवली.

हा नवा गळा एकदा जवळून बघण्यासारखा आहे. स्ट्रॅटोकास्टर या गिटारीच्या एका पिकअपचं प्लास्टिकचं झाकण काढलं तर आत चुंबकाच्या सहा कांड्या उभ्या दिसतात, प्रत्येक तारेखाली एक. त्यांच्याभोवती केसाइतक्या तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे गुंडाळलेले असतात. वर ताणलेली पोलादी तार या चुंबकांच्या क्षेत्रात थरथरली की वेढ्यांत किंचितशी वीज उठते. फॅरेडेने १८३१ साली जे दाखवलं तेच, फक्त आता मोठ्याने. ती वीज केबलमधून अॅम्पमध्ये जाते आणि शेजाऱ्यांची झोप उडवते. या सगळ्या प्रवासात हवा येते ती थेट शेवटी, स्पीकरच्या पडद्यापुढे. पिकअपला कान नसतात. त्याला पोलाद हललेलं कळतं, बाकी जगात काय चाललंय याची खबर नसते. खात्री करायची असेल तर जगातल्या सर्वांत उंची मॅहॉगनीच्या बॉडीवर नायलॉनच्या तारा चढवाव्यात, अॅम्प शेवटच्या आकड्यावर न्यावा आणि झोकात वाजवावं. लाकूड तेच, खानदान तेच, वादक तोच, आणि स्पीकरमधून येते ती नुसती घरघर. लाकडाला स्वतःचं काही सांगायचं असतं, तर ही संधी त्याने दवडली नसती.

ज्यांनी हे वाद्य जन्माला घातलं त्यांना लाकडाचं फारसं सोयरसुतक नव्हतं. बाजारात चाललेली पहिली इलेक्ट्रिक गिटार म्हणून जिचं नाव घेतात ती लॉस एंजेलिसच्या जॉर्ज बीचम आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांची, १९३०च्या दशकाच्या सुरुवातीची. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची. तिचा नमुना लाकडात कोरला होता, पण विकायला काढली ती ओतीव अॅल्युमिनियमची. गोल अंग आणि लांब दांडा बघून लोकांनी तिचं नाव ठेवलं 'फ्राइंग पॅन'. म्हणजे ज्या घराण्याच्या लाकडाबद्दल आपण हमरीतुमरीवर येतो, त्याचा मूळपुरुष तवा आहे. पुढे १९४०च्या सुमारास लेस पॉल या अमेरिकन वादकाने पाइनचा चार बाय चार इंची ओंडका घेतला, त्यावर नेक बसवली, पिकअप बसवले आणि जाहीर कार्यक्रमात वाजवायला नेला. श्रोते थंड. मग त्याने एक पोकळ गिटार उभी चिरली आणि तिचे दोन अर्धे ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखे लावले. आवाज त्याच ओंडक्याचा, पण आता लोकांना ती गिटार दिसू लागली आणि आवडूही लागली. लाकडाचा सबंध वाद या एका प्रसंगात मावतो. पंखांचा आवाजाशी संबंध नव्हता, टाळ्यांशी होता.

लिओ फेंडर तर कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला गिटार वाजवता येत नसे, त्यामुळे त्याचं डोकं शाबूत राहिलं असावं. १९५० साली बाजारात आणलेल्या गिटारीचे सुरुवातीचे नमुने त्याने पाइनचे केले होते, माल काढला अॅशचा. १९५४ची स्ट्रॅटोकास्टरही अॅशचीच होती, पण १९५६मध्ये बहुतेक गिटारींसाठी कंपनी आल्डरवर गेली. यामागे कुणी रात्ररात्र जागून नादाचा शोध घेतला होता असं नाही. अॅशच्या रेषा उघड्या असतात, रंगाआधी त्या भरून घ्याव्या लागतात. आल्डरची ही कटकट नाही, आणि माल सहज मिळत होता. रंगाऱ्याची सोय आणि वखारीचा भाव यांतून जे ठरलं, त्याला सत्तर वर्षांनी आपण 'क्लासिक टोन' म्हणतो आणि वर जाडजूड मोटारीचा रंग चढवून ते लाकूड झाकूनही टाकतो.

बिनखानदानी गिटारींची यादी इथे संपत नाही. डॅनइलेक्ट्रोच्या गिटारींना वरून मेसोनाइट असे, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेलं हार्डबोर्ड, जे आपल्याकडे कपाटाच्या पाठीला मारतात. पिकअप लिपस्टिकच्या नळीत बसवलेले. लेड झेपलिनच्या जिमी पेजने 'काश्मीर'सारखं भव्य गाणं मंचावर याच गिटारीवर वाजवलं. कीथ रिचर्ड्सने रोलिंग स्टोन्सच्या १९६९च्या दौऱ्यात पारदर्शक अॅक्रिलिकची गिटार वापरली. नेड स्टाइनबर्गरने पुढे कार्बन ग्रॅफाइटच्या, डोकं नसलेल्या गिटारी काढल्या. आणि क्वीनचा ब्रायन मे? त्याने आणि त्याच्या वडिलांनी १९६३पासून घरात बसून जी गिटार घडवली तिची नेक जुन्या शेकोटीच्या लाकडी चौकटीची, बॉडीत जुन्या टेबलाचं ओक आणि ब्लॉकबोर्ड, आत मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, फ्रेटबोर्डवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या बटणांचे. शेकोटीच्या लाकडाला कीड लागली होती, ती भोकं काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली. वाजवतो तेही सहा पेन्सच्या नाण्याने. जगातला सर्वांत ओळखू येणारा एक गिटारस्वर या भंगारातून निघतो, आणि त्यात शेकोटीचा ऊबदारपणा किंवा काड्यापेटीची ठिणगी ऐकू येते असं अजून कुठल्या तज्ज्ञाने म्हटलेलं नाही. कारण साधं आहे. शेकोटीच्या आवाजाची माहितीपत्रकं निघत नाहीत.

आता समोरच्या पक्षाचं ऐकायला हवं, आणि त्यांचा पहिला मुद्दा चांगला आहे. ते म्हणतात, पिकअप फक्त तारेचं हलणं टिपतो हे कबूल, पण तार कशी हलेल हे ती कशावर ताणली आहे त्यावर ठरणार ना? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? लाकूड तारेची थोडी ऊर्जा खातं, कुठल्या सुराची जास्त, कुठल्या सुराची कमी, आणि उरलेलंच पिकअपच्या वाट्याला येतं. पॉल रीड स्मिथसारखा नामवंत गिटारकारागीर हेच सांगत आला आहे, की गिटारीत बेरीज नसते, वजाबाकी असते. हे भौतिकशास्त्राला धरून आहे. बास वाजवणाऱ्यांना याचा अनुभवही येतो. फेंडरच्या बासवर सर्वांत बारीक तारेवर पाचव्या-सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर चटकन मरतो. त्या कंपनसंख्येला नेकच डोलू लागते आणि तारेची शक्ती शोषून घेते, हे जर्मनीत हेल्मुट फ्लायशर यांनी मोजून दाखवलं आहे. पोलंडमधल्या संशोधकांनी तर २०२१ साली बाकी सगळं तेच ठेवून फक्त लाकूड बदललं आणि मोजणीत फरक मिळाला. सामान्य श्रोत्यालाही कळू शकेल एवढा तो आहे असा त्यांचा निष्कर्ष आहे. तेव्हा 'लाकडाचा काहीच परिणाम नाही' असं छाती ठोकून सांगणारेही चूकच आहेत. पत्र्याच्या डब्याने फार माजू नये.

पण परिणाम आहे म्हटल्यावर पुढचा प्रश्न येतो: किती, आणि कशाच्या तुलनेत? पिकअपच्या दोन टोकांना दोन स्क्रू असतात. त्यातला एक फेराभर पिळला की पिकअप तारेच्या जवळ येतो आणि आवाज दणदणीत होतो, उलटा पिळला की नरम पडतो. स्क्रूड्रायव्हरची किंमत पन्नास रुपये. उजवा हात ब्रिजकडे दोन इंच सरकवला की तीच गिटार निराळी वाटते, आणि हात सरकवायला काहीच पडत नाही. व्हॉल्यूमचं बटण अडीचशे किलोओमचं की पाचशेचं, यावर वरचे सूर किती उजळतील ते ठरतं. केबलसुद्धा नुसती वायर नसते. तिच्या दर मीटरला शंभरएक पिकोफॅरड धारकता असते, त्यामुळे लांबलचक केबल लावली की पिकअपचा उजळपणा खाली उतरतो आणि आवाज गोधडी पांघरून बसतो. गिटारीचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या पुढे जवळपास हात टेकतो. त्यात वादकाने डिस्टॉर्शनचं पेडल दाबलं, की मूळ लाटेचे शेंडे छाटले जातात आणि नवे स्वरांश तयार होतात. लाकडाने इकडे एखाद्या सुरातून जी किंचित वजाबाकी केली असेल ती या गदारोळात शोधायची, म्हणजे वरातीच्या बँडमध्ये नवरदेवाच्या बुटांची करकर ऐकायची. करकर असते. पण तिच्यासाठी बूट बदलायला कुणी दीड लाख रुपये मोजत नाही.

दुसरा मुद्दा पोटाचा आहे. चांगली गिटार वाजवताना पोटाला थरथर जाणवते, म्हणजे लाकूड बोलतंय, असं सांगतात. दुकानदारही आवर्जून गिटार हातात देतात आणि म्हणतात, बघा कशी व्हायब्रेट होते. आणि पुढच्याच वाक्यात, सस्टेन बघा, सूर कसा संपतच नाही. ही दोन वाक्यं एकाच माहितीपत्रकात शेजारी शेजारी सुखाने नांदतात. ऊर्जेचा हिशोब मात्र वाण्याच्या हिशोबाइतका कडक असतो. पोटाला जी थरथर पोचली ती तारेतून गेली. लाकूड जितकं जास्त डोलेल तितका सूर लवकर संपेल. तुमच्या पोटाला गुदगुल्या होत असतील तर त्यांचा खर्च तुमच्याच सुरातून होतो आहे. बॉडीवर बोटाने टकटक केलं तर अॅम्पमधून ऐकू येतं, हा याच पक्षाचा आवडता प्रयोग. येतं खरं. पण टकटक केल्यावर तारा हलतात, मागच्या स्प्रिंगा हलतात आणि पिकअपचे वेढे सैल असतील तर तेही हलतात. वेढे मेणात बुडवून घट्ट केले की ही टकटक बरीचशी गप्प होते. लाकूड तेच राहतं.

तिसरा मुद्दा सर्वांत महाग आहे, कारण तो गिब्सन कंपनीच्या १९५९च्या 'लेस पॉल' गिटारीचा आहे. १९५८ ते १९६० या काळात या नक्षीदार मेपलच्या 'सनबर्स्ट' गिटारी दीडएक हजार निघाल्या, तेव्हा खपल्या नाहीत म्हणून बंद केल्या, आणि आज त्यांतली एक लाखो डॉलरला जाते. हा स्वर पुन्हा का होत नाही? कारण तसं लाकूड आता नाही, असं उत्तर तयार असतं. पण त्याच गिटारींत सेथ लव्हर यांनी तयार केलेले नवे पिकअप होते, आणि त्यांत हाताशी असेल तो चुंबक आणि कमीजास्त वेढे बसलेले आहेत. दोन पिकअप तंतोतंत सारखे निघणं कठीण. फरक शोधायचा तर आधी तिथे शोधावा की चार हजार मैलांवरच्या जंगलात? पीटर ग्रीनची १९५९ची लेस पॉल याचा साक्षीदार आहे. दोन्ही पिकअप एकत्र लावले की तिचा आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा होतो, आणि त्या आवाजावर गिटारवाले जीव ओवाळून टाकतात. त्याचं कारण सापडलं ते एका पिकअपचा चुंबक उलटा बसला होता हे. ही गिटार पुढे गॅरी मूरकडे गेली, नंतर मेटालिकाच्या कर्क हॅमेटकडे. तीन मोठे वादक, एक अजरामर स्वर, आणि खानदान कुणाचं? उलट्या बसलेल्या चुंबकाचं.

मग कानांनाच विचारावं. नॅशव्हिलचा गिटारवादक जिम लिल याने २०२१ साली शेवटी बॉडीच काढून टाकली. दोन जड बाकांमध्ये तारा ताणल्या, खाली योग्य अंतरावर पिकअप धरला आणि वाजवलं. ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याला ते आणि एक उंची गिटार यांत भेद सांगणं अवघड जातं. हा एका माणसाचा घरगुती प्रयोग आहे, प्रयोगशाळेचा नाही, हे मान्य. पण जिथे खोकं हाच कंठ आहे तिथलेही निकाल फार वेगळे नाहीत. लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली एका कारागिराकडून सहा साध्या गिटारी करून घेतल्या. सगळं सारखं, फक्त पाठीचं आणि बाजूंचं लाकूड निराळं: स्वस्तातल्यापासून ब्राझीलच्या दुर्मीळ रोझवुडपर्यंत. ५२ वादकांना मंद प्रकाशात, डोळ्यांवर वेल्डिंगचा चष्मा चढवून त्या वाजवायला दिल्या. गुण जवळजवळ सारखे पडले. त्याआधी क्लॉडिया फ्रिट्झ आणि जोसेफ कर्टिन यांनी नामवंत व्हायोलिनवादकांना असेच चष्मे चढवून स्ट्रॅडिव्हेरियस आणि नवी व्हायोलिनं वाजवायला दिली होती. बऱ्याच जणांनी पसंती दिली ती नव्याला. दृष्टीआड सृष्टी म्हणतात, ती अशी. चष्मा चढला की तीनशे वर्षांचं खानदान एका मिनिटात सर्वसामान्य होतं.

यावर शेवटचा बाण येतो: तुमचे कान तयार नाहीत. या बाणाचं वैशिष्ट्य म्हणजे तो कधीच चुकत नाही. फरक ऐकू आला तर लाकूड सिद्ध झालं, नाही आला तर ऐकणारा नापास. अॅम्प साधा असेल तर लाकूड ऐकू येत नाही, अॅम्प भारी असेल तर अॅम्पमुळेच आवाज चांगला येत नाही काय, असं विचारायची सोय नाही. आणि ज्याबद्दल एवढी खात्री, त्या लाकडाची ओळख तरी पक्की असावी? मॅहॉगनी म्हणून जे खपतं ते कधी मध्य अमेरिकेतलं असतं, कधी आफ्रिकेतलं खाया, आणि फिलिपिन्सचं 'मॅहॉगनी' म्हणजे लावान, जे वनस्पतीशास्त्रात त्या कुळातलंच नाही. बासवुडची जात तर भर बाजारात बदलली. बराच काळ ते स्वस्त गिटारीचं मऊ, बिनचेहऱ्याचं लाकूड होतं. मग व्हॅन हेलन आणि सॅट्रियानी या वादकांच्या नावाच्या गिटारी त्यात निघाल्या आणि त्याच्या आवाजात एकाएकी 'गोलाई' सापडली. झाडाला याची कल्पना नव्हती.

इथवर हा निरुपद्रवी हट्ट आहे असं म्हणता आलं असतं, पण लाकडाच्या या नादात आपलं शिसवही अडकलं आहे. भारतीय रोझवुड म्हणून जगभर फ्रेटबोर्डवर चढतं ते सह्याद्रीच्या जंगलातलं शिसव, ज्याचे देव्हारे आणि पलंग जुन्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या टिकले. फ्रेटबोर्ड म्हणजे बॉडी नव्हे, आणि बोट दाबलं की तार टेकते ती लाकडावर नाही, धातूच्या फ्रेटवर. तरी खानदानाचा आग्रह तोच. २४ ऑगस्ट २०११ रोजी अमेरिकेत गिब्सनच्या कारखान्यांवर सरकारी छापा पडला तो भारतातून आलेल्या शिसव आणि एबनीच्या पट्ट्यांवरून. त्याआधी २००९मध्ये मादागास्करच्या एबनीवरून पडला होता. प्रकरण २०१२ साली तीन लाख डॉलरच्या दंडावर मिटलं. २०१७च्या जानेवारीपासून शिसवाचं अख्खं कुळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधांत आलं, आणि वाद्यांना त्यातून सूट मिळायला २०१९चा नोव्हेंबर उजाडला. मधल्या काळात फेंडरने मेक्सिकोत बनणाऱ्या गिटारींना पाउ फेरो नावाचं लाकूड लावलं, तर त्यापूर्वीच गिब्सनने काही गिटारींवर रिचलाइट, म्हणजे राळेत दाबलेला कागद, बसवला होता. कुरकुर खूप झाली. डोळे मिटून कागद ओळखून दाखवणारे मात्र फारसे पुढे आले नाहीत.

एक आक्षेप मात्र मला पटतो. कुणी म्हणेल, समजा हा सगळा डोळ्यांचा खेळ आहे. पण सुंदर लाकडाची गिटार हातात आली की माणूस ती जास्त वाजवतो, जपून वाजवतो, प्रेमाने वाजवतो, आणि प्रेमाने वाजवलं की आवाज सुधारतो. मग लाकडाचा परिणाम झाला ना? झाला. त्याचा मार्ग वादकाच्या मनातून गेला, तारेतून नाही, पण पोचला. वजनाचंही तसंच. तीन तास उभं राहून वाजवायचं असेल तर हलकं लाकूड खांद्याला कळतं. नीट मुरलेली नेक कोकणातल्या पावसाळ्यात कमी वाकते, स्क्रू घट्ट राहतात, सूर कमी उतरतात. या सगळ्यासाठी लाकडाला पैसे मोजावेत, आणि नुसतं देखणं आहे म्हणूनही मोजावेत. देखणेपणासाठी पैसे देण्यात कमीपणा कसला? साडी घेताना कुणी तिच्या ध्वनिगुणांचं कारण देत नाही. वाईट वाटतं ते शिकाऊ पोरांचं. हात अजून बसलेला नसतो, बोटं अडखळत असतात, आणि आवाज मनासारखा येत नाही याचा दोष पोरगं बासवुडला देतं. नाचता येईना अंगण वाकडं, ही आपली जुनी रीत. गिटारवाल्याने त्यात एवढीच भर घातली, की तो अंगण शिसवी करून घ्यायला निघाला.

तेव्हा गिटार घ्यायला जाल तेव्हा लाकूड जरूर विचारा, पण शेवटी विचारा. आधी डोळे मिटून वाजवून बघा, पिकअप कुठले ते विचारा, नेक हाताला बसते का आणि वजन खांद्याला झेपतं का ते पाहा, आणि ज्या अॅम्पवर घरी वाजवणार त्याच तऱ्हेच्या अॅम्पवर ऐका. बजेट तुटपुंजं असेल तर उंची लाकडात घालायचे पैसे अॅम्पच्या स्पीकरवर घाला, फरक शेजारच्या काकूंनाही कळेल. आणि घरी जी गिटार आहे तिच्या तारा आधी बदला. सहा महिने घाम पिऊन गंजलेल्या तारांवर कुठलंच लाकूड चांगलं वाजत नाही, आणि नव्या तारांचा संच पाच-सातशे रुपयांत मिळतो.